मासे वाढवणारे हात

सिंगापूर म्हटले की डोळ्यांपुढे येतात त्या उंच इमारती, बँका, बंदरात नांगरलेली जहाजे आणि चांगीचा विमानतळ. या शहरातही शेतकरी आहेत आणि त्यांतल्या काहींचे शेत चक्क पाण्यावर तरंगते, हे आपल्यापैकी पुष्कळांच्या गावीही नसते. जोहोरच्या सामुद्रधुनीत, पुलाऊ उबीन बेटाच्या आसपास, फळ्यांचे आणि पिंपांचे तराफे दिसतात. मध्ये चौकोनी जाळी सोडलेली, कडेला पत्र्याची एखादी खोली. इथले लोक त्याला केलाँग म्हणतात. मूळ केलाँग म्हणजे समुद्रात खांब रोवून उभारलेला मासे पकडण्याचा सापळा. पण आता तरंगत्या मत्स्यशेतीलाही तेच नाव चिकटले आहे.

या जाळ्यांत वाढणारा एक मासा तर आपल्या चांगल्या ओळखीचा. बाजारात त्याला सीबास किंवा बारामुंडी म्हणतात, मलय लोक सियाकाप म्हणतात. अलिबाग-पेणकडच्या माणसाला दाखवला तर तो एका नजरेत सांगेल, ‘हा तर आमचा जिताडा!’ रायगडच्या खारेपाटात भातशेताजवळच्या तळ्यात जिताड्याची पिल्ले सोडायची आणि सणासुदीला, पाहुण्यारावळ्यांना तो मासा काढायचा, ही रीत जुनी आहे. सिंगापूरचा जिताडा मात्र इथल्याच पाण्यातला रहिवासी. आपण मंडळी मागाहून आलो.

मासा ओळखीचा आहे, पण तो वाढवणारी माणसे कोण? आणि पुढच्या दहा वर्षांत ती कोण असतील? हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. सिंगापूरच्या ताटातल्या माशाचे भवितव्य बऱ्याच अंशी त्यावर अवलंबून आहे.

आकडे काय सांगतात?

सिंगापूर आपल्या अन्नापैकी ९० टक्क्यांहून अधिक अन्न बाहेरून आणते. २०१९ च्या मार्चमध्ये सरकारने संकल्प सोडला, की २०३० पर्यंत देशाच्या पोषणाच्या गरजेपैकी ३० टक्के गरज देशातच भागवायची. त्याच वर्षी १ एप्रिलला ‘सिंगापूर फूड एजन्सी’ ही अन्नविषयक संस्था कामाला लागली. त्यानंतर कोरोनाची साथ आली, खर्च वाढले, काही मोठ्या कंपन्या अडचणीत आल्या. अखेर नोव्हेंबर २०२५ मध्ये जुने उद्दिष्ट बाजूला ठेवून नवे जाहीर झाले: २०३५ पर्यंत अंडी व मासळी मिळून प्रथिनांच्या खपातला ३० टक्के वाटा, आणि भाज्या, मोड, अळंबी यांच्या खपातला २० टक्के वाटा देशात पिकवायचा.

अंड्यांची गाडी बरी चालली आहे. २०२४ मध्ये खपलेल्या अंड्यांपैकी सुमारे ३४ टक्के इथलीच होती. अडते ते मासळीपाशी. २०२३ मध्ये स्थानिक मासळीचा वाटा ७.३ टक्के होता, तो २०२४ मध्ये ६.१ टक्क्यांवर आला. समुद्रातली मत्स्यशेते एका वर्षात ९८ वरून ७४ झाली. म्हणजे दर चारांतले जवळजवळ एक शेत बंद पडले.

कारणे अनेक आहेत. खाद्य महाग, इंधन महाग, आणि बाहेरून येणारा मासा स्वस्त. पाण्याचाही भरवसा नाही. २०१५ च्या सुरुवातीला सामुद्रधुनीत शेवाळी जिवांची अचानक बेसुमार वाढ झाली आणि ७७ शेतांतले ५०० ते ६०० टन मासे गेले. त्याच्या आदल्याच वर्षी तशाच आपत्तीत सुमारे १६० टन मासे मेले होते. कष्टाने वाढवलेले धन एका रात्रीत पोटे वर करून तरंगू लागले, तर पुन्हा नव्याने पिल्ले सोडायला मोठे धैर्य लागते.

पण या सर्वांखाली आणखी एक दुखणे आहे, आणि त्याची चर्चा कमी होते. हे दुखणे माणसांचे आहे.

एका तराफ्यावरचे तीन देश

सिंगापुरात तरंगत्या जाळ्यांत मासे वाढवण्याची पद्धत १९७० च्या दशकात रुजली. त्या काळात यात उतरलेली मंडळी आता वयस्क झाली. पाण्याच्या रंगावरून आणि वासावरून ती पुढचे दोन दिवस कसे जाणार ते सांगतात. त्यांची मुले मात्र शिकली आणि गारेगार कार्यालयांत बसली. त्यांना दोष कोण देणार? आपणही आपल्या मुलांना दुसरे काय सांगितले?

दुसरा गट वर्क परमिटवर आलेल्या परदेशी कामगारांचा. जाळी धुणे, खाद्य टाकणे, मेलेले मासे वेचणे, रात्री पहारा देणे, ही अंगमेहनतीची कामे मुख्यतः त्यांच्याकडे. त्यांतले काही जण तराफ्यावरच राहतात. परमिट मालकाशी बांधलेले असते. दहा वर्षे काम केलेला माणूसही बहुधा ‘कामगार’च राहतो, त्याला काय येते याची कुठे नोंद होत नाही.

तिसरा गट नवा आहे. जीवशास्त्राची पदवी किंवा मत्स्यशेतीची पदविका घेतलेले तरुण आणि तरुणी यात येतात. तरुणी प्रयोगशाळेत आणि पिल्ले काढण्याच्या उबवणी केंद्रांत दिसतात; तराफ्यावर क्वचितच.

हे तीन गट म्हणजे जणू तीन वेगळे देश. म्हाताऱ्याला समुद्र कळतो पण संगणक नको असतो. तरुणाला यंत्र कळते पण भरती-ओहोटीची लय अजून अंगी मुरलेली नसते. आणि रात्री दोन वाजता माशांजवळ जो प्रत्यक्ष असतो, त्या कामगाराशी नीट बोलायला दोघांनाही त्याची भाषा येत नाही.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. शेवाळी जिवांची वाढ झाली की दिवसा ते प्राणवायू सोडतात, पण रात्री तेही पाण्यातला प्राणवायू ओढू लागतात. त्यामुळे पहाटेच्या सुमारास पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो. मासे वर येऊन तोंडे उघडझाप करू लागतात. त्या घटकेला हवेचे पंप सुरू करायचे, जाळ्याभोवती ताडपत्री ओढायची की मालकाला उठवायचे, हा निर्णय घ्यायला तिथे कोण असते? तो परदेशी पहारेकरी. त्याला काय पाहायचे ते त्याच्या भाषेत शिकवले असेल आणि मालकाला मध्यरात्री उठवल्याबद्दल शिव्या बसणार नाहीत याची खात्री असेल, तरच मासे वाचण्याची आशा.

मोठ्या कंपन्यांच्या चकचकीत पुस्तिकांत ‘विविधता’ हा शब्द हल्ली फार मिरवतो. तराफ्यावर त्याचा अर्थ सोपा आहे. वेगवेगळ्या वयांची, देशांची, शिक्षणाची माणसे एकाच पाण्याकडे पाहतात. त्यांनी पाहिलेले एकमेकांपर्यंत पोहोचले तर धंदा टिकतो, न पोहोचले तर बुडतो.

बायका कुठे आहेत?

जगभरचा हिशेब पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या अहवालानुसार २०२२ मध्ये प्रत्यक्ष मासेमारी आणि मत्स्यशेती यांत मिळून ६ कोटी १८ लाख माणसे काम करत होती. त्यांत बायकांचा वाटा सुमारे २४ टक्के. मासळी सोलणे, साफ करणे, डबाबंद करणे या कामांत मात्र बायका ६२ टक्के! म्हणजे बाईच्या हाताला मासा लागतो तो बहुधा मेल्यानंतर. जिवंत मासा, तळे, होडी, परवाना आणि कर्ज ही सगळी पुरुषांच्या नावे.

गंमत अशी, की खुद्द जिताड्याला हा भेद मान्य नाही. जिताडा आधी नर म्हणून वयात येतो आणि काही वर्षांनी मोठा झाला की मादी होतो! मत्स्यबीज केंद्रात काम करणाऱ्यांना हे ठाऊक असते. मोठ्या माद्या मिळवायच्या तर मासे वर्षानुवर्षे सांभाळावे लागतात. निसर्गाने ज्या माशाच्या बाबतीत इतकी मोकळीक ठेवली, तो सांभाळणाऱ्यांच्या बाबतीत आपण एवढे कडक का?

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या कोकणात सापडते. सिंधुदुर्गाच्या खाड्यांत ओहोटीच्या वेळी कालवे फोडणाऱ्या, तिसऱ्या आणि शिनाणे गोळा करणाऱ्या बायका पिढ्यान्पिढ्या आहेत. गुडघाभर चिखलात उभे राहून केलेल्या त्या कामाला कोणी धंदा म्हटले नाही. म्हणायचे ते ‘संसाराला हातभार’. २०१२ मध्ये महाराष्ट्राच्या वन विभागात कांदळवन कक्ष स्थापन झाला. त्या सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने सिंधुदुर्गात किनाऱ्याच्या जैवविविधतेचा एक प्रकल्प चालू झाला आणि त्यातून बचतगटांना खेकडापालन, कालवपालन यांचे शिक्षण मिळू लागले. २०१७ मध्ये राज्य शासनाने कांदळवनाचे रक्षण आणि उपजीविका यांची सांगड घालणारी योजनाच आणली. खेकडे, कालवे, शिनाणे, पिंजऱ्यातला जिताडा, शोभेचे मासे, असे तिचे अनेक भाग आहेत. वेंगुर्ल्याच्या ‘स्वामिनी’ बचतगटाच्या बायका तर मांडवी खाडीत स्वतः होडी चालवून पर्यटकांना कांदळवन दाखवू लागल्या.

त्याही आधी, १९९० च्या दशकात, केरळातल्या कासरगोड जिल्ह्यात बायकांच्या गटांनी केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे तंत्र घेऊन शिनाण्यांची शेती उभी केली होती. दोरीला बीज बांधायचे, खाडीत लोंबत सोडायचे, काही महिन्यांनी ओढून घ्यायचे. शिनाण्यांना खाद्य विकत घालावे लागत नाही. पाणी गाळून ते आपले पोट भरतात. त्यामुळे भांडवल कमी लागते.

या दोन्ही ठिकाणी बदल घडला तो भाषणांनी नव्हे. गट बायकांच्या नावे झाला, कर्ज आणि अनुदान गटाच्या नावे आले, शिक्षण गावातच आणि त्यांच्या सवडीच्या वेळी मिळाले. केंद्र सरकारने २०२० मध्ये आणलेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतही सर्वसाधारण लाभार्थ्याला प्रकल्पखर्चाच्या ४० टक्के, तर स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांना ६० टक्के साहाय्य ठेवले आहे. कागदावर नाव आले, की समाजाच्या तोंडी ‘हातभार’ जाऊन ‘शेतकरी’ हा शब्द यायला वेळ लागत नाही.

कायदा पोहोचेल का?

सिंगापुरात जानेवारी २०२५ मध्ये कामाच्या ठिकाणी न्याय्य वागणुकीचा कायदा संसदेने संमत केला. वय, लिंग, वंश, धर्म, भाषा, राष्ट्रीयत्व, अपंगत्व, मुलाबाळांची किंवा वृद्धांची जबाबदारी अशा कारणांवरून नोकरीत भेदभाव करायचा नाही, असे तो सांगतो. तो २०२७ च्या अखेरीस अमलात आणायचे ठरले आहे. कायदा चांगला आहे. परंतु २५ हून कमी नोकर असलेल्या आस्थापनांना सुरुवातीची काही वर्षे त्यातून सूट आहे. आणि पाच-सात माणसांच्या बळावर चालणाऱ्या तराफ्याला पंचवीस नोकर कुठून असणार?

तेव्हा छोट्या शेतांवर सुधारणा व्हायची ती मालकाच्या समजुतीने आणि सरकारच्या प्रोत्साहनानेच. ती काही आकाशपाताळ एक करण्याची बाब नाही. तराफ्यावर कडी लागेल असे एक स्वच्छतागृह, निरनिराळ्या मापांची जीवरक्षक जाकिटे, पोत्याऐवजी एका माणसाला पेलवेल अशी खाद्याची पिशवी, जाळे ओढायला चाकाची कप्पी. यांतल्या प्रत्येक गोष्टीने बाईला वाट मोकळी होते आणि साठीच्या मालकाची कंबरही वाचते. सूचना कामगारांच्या भाषेत आणि चित्रांत लावाव्यात. कामगाराने जे कसब मिळवले त्याचे प्रमाणपत्र त्याच्या हाती द्यावे, म्हणजे तो मायदेशी परतला तरी रिकाम्या हाताने जाणार नाही. उद्या तो आपल्या गावी स्वतःचे तळे खणेल.

वाटा किती आहेत!

आता आपल्या घरातल्या तरुणांविषयी. मत्स्यशेती म्हणजे चिखल आणि वास, अशी आपली कल्पना. या कल्पनेला जातीचाही वास आहे, हे बोलून टाकलेले बरे. कोळी, भोई, गाबीत, खारवी, दालदी या समाजांनी समुद्र आणि नद्या सांभाळल्या. बाकीच्यांनी मासळी आवडीने खाल्ली, पण धंद्याकडे मात्र वरून पाहिले. ज्ञान त्यांच्याकडे आणि मान दुसरीकडे, अशी ही वाटणी. परदेशी आलो तरी ती आपल्या सामानातून आलीच.

वस्तुस्थिती केव्हाच बदलली आहे. २०२२ मध्ये जगात पाण्यातल्या प्राण्यांचे उत्पादन प्रथमच मासेमारीपेक्षा शेतीतून अधिक झाले. या शेतीला लागणारी माणसे निरनिराळ्या प्रकारची आहेत. जिताड्याची पिल्ले एकमेकांना खातात. म्हणून ठरावीक दिवसांनी मोठी-लहान वेगळी करावी लागतात. हे काम चाळण घेऊन हाताने होते आणि कॅमेरा व संगणकानेही करता येते. पाणी पुन्हा पुन्हा शुद्ध करून वापरणाऱ्या बंदिस्त टाक्यांना पंप, विद्युत आणि यंत्रशास्त्र जाणणारा लागतो. रोग ओळखायला पशुवैद्य आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, खाद्याला पोषणतज्ज्ञ, बर्फातली वाहतूक सांभाळायला व्यवस्थापक, विम्याला आणि कर्जाला हिशेबनीस. आपल्या घरोघरी संगणकाचे जाणकार आहेत; प्राणवायूच्या नोंदींवरून धोक्याची सूचना आधी देणारी प्रणाली लिहायला आणखी कोण हवे?

शिकण्याची सोयही जवळच आहे. सेंट जॉन्स बेटावर २००३ पासून सागरी मत्स्यशेतीचे सरकारी केंद्र आहे. ज्या बेटावर १८७४ पासून जहाजांतून उतरलेल्या रोगी माणसांना अडवून ठेवत, तिथे आता निवडक जिताड्यांची बीजपैदास होते. टेमासेक पॉलिटेक्निकमध्ये २०१९ पासून मत्स्यशेतीच्या नव्या प्रयोगांचे केंद्र चालते. जेम्स कुक विद्यापीठाच्या सिंगापूर शाखेत मत्स्यशेती विज्ञानाची पदवी घेता येते. मधल्या वयात वाट बदलू पाहणाऱ्या ४० वर्षांवरील सिंगापूर नागरिकांना मे २०२४ पासून शिक्षणासाठी ४००० डॉलरची जादा रक्कम खात्यावर मिळाली आहे. निवडक अभ्यासक्रमांसाठी ती वापरता येते.

मायदेशी परतायचे असेल तरी दारे उघडी आहेत. मुंबईत वर्सोव्याला १९६१ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. रत्नागिरीजवळ शिरगावला १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. त्यामुळे वीज, कर्ज, विमा यांत मत्स्यशेतकऱ्याला शेतकऱ्यासारख्या सवलती मिळण्याची वाट मोकळी झाली. आणि प्रयोगशाळेतला एक माणूस काय करू शकतो याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. अलिकुन्ही यांनी ओरिसात संप्रेरकाची टोचणी देऊन कार्प माशांची तळ्यातच पैदास करून दाखवली. तोवर पुराच्या नदीतून बीज गोळा करावे लागे. त्या टोचणीने लाखो खेडुतांना तळ्याचे मालक होता आले. तो दिवस आज भारतात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात.

फुगवून सांगण्यात अर्थ नाही. हा धंदा सोपा नाही. सिंगापुरात जागा महाग, समुद्र लहरी, नफा बेताचा. काही नामांकित कंपन्यांनी इथे हात पोळून घेतले आहेत. मुलाने किंवा मुलीने या वाटेने जायचे म्हटले तर आईबापांना काळजी वाटणारच. पण ती काळजी धंद्याच्या चढउताराची असावी, प्रतिष्ठेची नसावी. बँकेतल्या नोकरीलाही चढउतार असतात, हे आपण गेल्या काही वर्षांत पाहिलेच आहे.

सरकार उद्दिष्टे ठरवील, यंत्रे आणील, अनुदान देईल. पण जाळ्याजवळ पहाटे उभा राहणारा माणूस कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही. त्याला शिकवावे लागते, बढती द्यावी लागते, आणि तो कोणत्या देशाचा, कोणत्या वयाचा, पुरुष की बाई, हे न पाहता त्याचे म्हणणे ऐकावे लागते. तशी माणसे नसतील, तर २०३५ चे उद्दिष्टही कागदावरच राहील.

पुढच्या वेळी बाजारात जिताडा घ्याल तेव्हा ‘हा इथला का?’ एवढे मासळीवाल्याला जरूर विचारा. आणि घरात कोणी मत्स्यशेती शिकायचे नाव काढले, तर नाक मुरडण्याआधी त्याला शेजारी बसवून काय शिकणार ते सांगू द्या. मासे खाण्यात आपण मराठी माणसे कोणाला हार जात नाही. ते वाढवणाऱ्यांत आपलीही चार नावे असायला काय हरकत आहे?